कुठल्याच गठ्ठ्यात नसलेला जीआर

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची शाखा माझ्याकडे आहे. काही महिन्यांपूर्वी जिल्ह्याहून पत्र आलं, की एआयच्या जबाबदार वापरावर देखरेख ठेवायला प्रत्येक कार्यालयाने एक समन्वय अधिकारी नेमावा आणि दरमहा अहवाल पाठवावा. त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून माझं नाव गेलं. अहवालात मी आजवर ‘निरंक’, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं लिहीत आले.

माझ्या शाखेतला महसूल सहायक हुशार आहे, कष्टाळू आहे, दोघांचं काम एकटा ओढतो. तो स्वतःच्या मोबाइलवर चॅटजीपीटी वापरतो हे मला माहीत होतं. भाषा नीट करून घेत असेल, असं वाटायचं. मागच्या आठवड्यात एक विधवा बाई त्रुटीपत्र घेऊन आल्या. पतीच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र जोडावं, असं अमुक तारखेच्या शासन निर्णयाचा हवाला देऊन त्यात लिहिलं होतं. बाई वकिलाकडे जाऊन पैसे भरून आल्या होत्या. तो जीआर मला कुठेच सापडला नाही. शाखेतल्या त्या सहायक मुलाला विचारलं तर म्हणाला, अर्जाचे फोटो, आधार कार्डासकट, ॲपमध्ये टाकतो आणि पत्राचा मसुदा काढून घेतो. त्याच नमुन्याची आणखी पत्रं गेली आहेत. सगळ्यांवर सही माझी आहे.

प्रलंबितता कमी झाली म्हणून साहेबांनी बैठकीत आमच्या शाखेचं कौतुक केलं होतं. आता एक खासगी कंपनी तालुक्यासाठी चॅटबॉट फुकट द्यायला तयार आहे आणि साहेब खूश आहेत. मी मुलाची तक्रार करू का? कार्यालयात बंदी घालायला सांगू का? आणि या महिन्याच्या अहवालात लिहू काय?

— एक नायब तहसीलदार

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतो, पण त्याआधी एक काम आहे, त्याला थांबायला सवड नाही. त्या बाईंचं त्रुटीपत्र आजच मागे घ्या. अहवाल महिनाअखेरीला जाणार आहे, बाई मात्र वकिलाकडे पुन्हा उद्याही जातील. महिन्याला १,५०० रुपये मिळावेत म्हणून अर्ज करणाऱ्या माणसाला आपण दिवाणी कोर्टाची पायरी चढायला लावली आहे, आणि तीही कोणत्याच नियमात नसलेल्या कागदासाठी.

छोटी टिपणी ठेवा: त्रुटीपत्रात नमूद केलेला शासन निर्णय उपलब्ध होत नसल्याने सदर पत्र रद्द करण्यात यावे, अर्ज मूळ तारखेनुसार छाननीस घ्यावा. ‘मूळ तारखेनुसार’ हे शब्द विसरू नका, नाहीतर बाई रांगेत पुन्हा शेवटी जातील. रद्द केल्याचं पत्र ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या हाती घरपोच द्या आणि त्यात ‘आपण वारस प्रमाणपत्र आणण्याची आवश्यकता नाही’ हे वाक्य सरळ लिहा. ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’च्या खाली ते दबू देऊ नका. वकिलाला दिलेले पैसे आपण परत देऊ शकत नाही, पण आणखी जाणारे थांबवू शकतो.

मग जावक नोंदवही काढा. मुलाने ॲप केव्हापासून वापरायला घेतलं ते त्याला विचारा आणि त्या तारखेपासून पुढची प्रत्येक त्रुटी, प्रत्येक नामंजुरी बाजूला काढा. मंजुरीची पत्रं नंतर पाहिली तरी चालेल. ज्या कागदाने कुणाचं काही अडलं किंवा गेलं, तो आधी. हे काम तुम्ही आणि तो मुलगा दोघांनी शेजारी बसून करायचं. त्याला वगळून करू नका, कारण कुठला मसुदा मशीनचा आणि कुठला त्याचा हे फक्त त्यालाच सांगता येईल, आणि तो घाबरला तर सांगणार नाही.

हे तुमच्याच तालुक्यात घडलंय असं समजून झोप उडवून घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीची एक आयकर आकारणी रद्द केली. कंपनीने उत्पन्न दाखवलं होतं तीन कोटींच्या आसपास, खात्याने ते २७.९१ कोटींवर नेलं, आणि त्यासाठी आधार घेतलेले तीन निवाडे शोधून कुठे सापडेनात. न्यायालयाने प्रकरण नव्याने आकारणीसाठी परत पाठवलं आणि सुनावलं, की एआयच्या काळात यंत्रणेने पुढे टाकलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, वापरण्याआधी पडताळा. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले असलेला स्वतःचाच आदेश मागे घ्यावा लागला होता. ऑस्ट्रेलियात डेलॉइटने सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार डॉलरचा अहवाल करून दिला, त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या तोंडी घातलेलं एक बनावट वाक्य निघालं, आणि २०२५ मध्ये काही रक्कम परत करायची पाळी आली. म्हणजे तुमचा महसूल सहायक फार मोठ्या मंडळींच्या पंगतीत बसला आहे. फरक एवढाच, की त्या कंपनीला उच्च न्यायालयात जायला वकील होता. तुमच्या बाईंकडे फक्त ते पत्र होतं, आणि ते घेऊन त्या तुमच्या टेबलापर्यंत आल्या म्हणून हे उघडकीला आलं. ज्या आल्या नाहीत, त्यांनी अर्जाचा नाद सोडला असेल. जावक नोंदवही काढायला सांगतोय ती त्यांच्यासाठी.

आता हा जीआर आला कुठून? ते ॲप प्रश्न विचारल्यावर शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन नस्ती, म्हणजे फाइल, चाळतंच असं नाही. बहुतेक वेळा ते एवढंच करतं, की अशा पत्रात अशा ठिकाणी साधारण कुठले शब्द येतात याचा अंदाज बांधून ओळ पुरी करतं. आणि आपली सरकारी भाषा तर ठरलेल्या साच्यातली. विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, मग तिरकी रेघ, प्र.क्र., पुन्हा रेघ, कार्यासन, दिनांक. हा साचा मशीनने हजारदा पाहिला आहे, त्यामुळे त्यात बसणारा खोटा क्रमांक काढणं त्याला अगदी सोपं. खोटा जीआर खऱ्यापेक्षा नीटनेटका दिसतो. खऱ्यात निदान टंकलेखनाच्या चुका असतात.

त्यामुळे तपासायची रीत ठरवून टाका. अलीकडच्या प्रत्येक जीआरच्या शेवटी संगणक संकेतांक असतो. मसुद्यात जीआर आला की तो संकेतांक शोधायचा, शासनाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवायची, उघडायची आणि ज्या परिच्छेदाचा हवाला दिला आहे तो परिच्छेद वाचायचा. नुसता क्रमांक जुळला म्हणून सही करू नका. क्रमांक खरा, तारीख खरी आणि आतला मजकूर भलताच, असंही होतं. जीआर खरा असतो पण नंतरच्या जीआरने अधिक्रमित, म्हणजे रद्द होऊन बदललेला असतो, हे तर माणसांच्या हातूनही होतं. जुने काही संकेतस्थळावर मिळत नाहीत, त्यासाठी कार्यालयाचे कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायची आपली सहा गठ्ठा पद्धत आहेच. संगायो (संजय गांधी योजना) शाखेचा स्थायी आदेशांचा गठ्ठा अद्ययावत करून घ्या. मला शंका आहे की तो कपाटाच्या वरच्या फळीवर असेल आणि त्यात सगळ्यात वर दिवाळी अग्रिमाचं परिपत्रक असेल. शाखेत रोज लागणारे दहा-बारा जीआर त्यात नीट लावले, की मुलाला मशीनला विचारायची निम्मी गरज उरणार नाही.

आणि एक गोष्ट त्याला बजावून सांगा. ‘हा जीआर खरा आहे का?’ असं त्याच ॲपला विचारायचं नाही. ते कधी ‘होय’ म्हणेल, कधी गोड शब्दांत माफी मागून दुसरा जीआर काढून देईल, आणि तोही तसाच असेल.

मुलाची तक्रार करू नका. हे मी त्याच्या दयेपोटी म्हणत नाही. तक्रार झाली की त्याच्याकडून खुलासा मागवतील, बाकीची शाखा ते पाहील आणि त्या दिवसापासून कार्यालयात एकही माणूस एआय वापरत नाही असं सगळेच सांगतील. वापर मात्र चालूच राहील, टेबलाखाली. देखरेख करायची म्हणजे आधी वापर दिसायला हवा. तुमच्याकडे आज एक माणूस आहे जो विचारल्यावर खरं बोलला. त्याला शिक्षा झाली तर पुढचा बोलणार नाही.

पण फोटोंची गोष्ट वेगळी आहे, तिथे मवाळ राहू नका. चुकीचा जीआर मागे घेता येतो. बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर गेलेलं आधार कार्ड, अर्जातलं आजारपण, उत्पन्नाचा दाखला, मुलाबाळांची नावं परत आणता येत नाहीत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ ला आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं कळवलं, ते सरकारी माहितीच्या गोपनीयतेच्या कारणानेच. ती सूचना केंद्राच्या त्या मंत्रालयापुरती, पण कारण तुमच्या टेबलालाही तेवढंच लागू आहे. शिवाय आधार कायदा आहे, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यातून केलं, ही सबब यातल्या कशालाच चालायची नाही. उलट त्यानेच गोष्ट बिघडते, कारण कार्यालयाच्या हातात काहीच उरत नाही. उद्या मुलाची बदली झाली की तो सगळा इतिहास त्याच्या खिशातून दुसऱ्या तालुक्यात जाईल.

त्याला समोर बसवून ॲपमधले ते संवाद पुसायला लावा, पण पुसण्याआधी कुठल्या अर्जांचे कागद गेले त्याची यादी करून घ्या. आधी पुसलं तर पुढे कुणालाच काही सांगता येणार नाही. आपला मजकूर मशीनच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा सेटिंगमध्ये असते, ती बंद करा. मोबाइलच्या गॅलरीतले फोटोही काढायला लावा. (शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर असेच कागद पडलेले असतील, तेही बघा. त्या गटाबद्दल कुणी कधी समन्वय अधिकारी नेमला नाही, हा भाग वेगळा.) एवढं झालं की यादीसह जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांना लेखी कळवा, तहसीलदारांमार्फत. पुसलं म्हणजे पलीकडूनही गेलं याची हमी नाही, म्हणून लेखी.

बंदीबद्दल. साहेबांना हे कळल्यावर पहिलं परिपत्रक बंदीचंच निघेल, कारण ते अर्ध्या पानात होतं. तुम्ही त्याआधी दुसरा मसुदा त्यांच्यापुढे ठेवा. सगळंच बंद करण्यात अर्थ नाही. प्रसिद्ध झालेलं इंग्रजी परिपत्रक मराठीत समजून घ्यायचं आहे, बैठकीचं इतिवृत्त नीट मांडायचं आहे, एक्सेलचं सूत्र अडलंय, जनजागृतीच्या फलकावरची भाषा सोपी करायची आहे, या कामांत कुणाचं नाव नाही, कुणाचा हक्क नाही आणि चूक झाली तर समोर दिसते. तिथे साधन वापरू द्या, फक्त कार्यालयाने ठरवलेलं. भाषांतरासाठी केंद्र सरकारची भाषिणी आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मसुदा करून घ्यायचाच असेल, तर स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यातला जीआर स्वतः द्यायचा आणि ‘एवढ्यातूनच लिही’ म्हणायचं. चुका मग पुष्कळ कमी होतात. शून्य होत नाहीत.

आणि जिथे माणसाचं काही ठरतं, तिथे नाही. पात्र की अपात्र, त्रुटी की नाही, सुनावणीत कुणाचं म्हणणं ग्राह्य धरलं आणि का, पंचनाम्यात किती नुकसान, यातलं काहीही मशीनने ठरवायचं नाही आणि त्याची कारणंही मशीनने लिहायची नाहीत. लोक या शेवटच्या मुद्द्यावर फसतात. निर्णय मीच घेतला, फक्त कारणं नीट शब्दांत मांडून घेतली, असं म्हणतात. तुमच्या मुलानेही तेच केलं असणार. अर्जात काहीतरी कमी आहे असं त्याला वाटलं आणि ‘का’ ते मशीनने पुरवलं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) प्रमाणे निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सांगणं हे आपलं कर्तव्य आहे. ती कारणं आपली नसतील तर आपण सांगतोय काय?

नमुना हवा असेल तर केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी काढलेलं धोरण मिळवून वाचा. मंजूर केलेलीच साधनं, निष्कर्ष आणि आदेश त्यातून काढायचे नाहीत, भाषांतर माणसाने तपासायचं, वापराची नोंद ठेवायची. न्यायालयांसाठी असलं तरी महसूल खात्याच्या अर्धन्यायिक, म्हणजे सुनावणी घेऊन निर्णय देण्याच्या कामाला ते जवळपास जसंच्या तसं बसतं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआय कारभाराची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. ती चांगली आहेत, अहवालाच्या संदर्भात पहिल्या क्रमांकाला टाका. पण सोमवारी सकाळी खिडकीवर रांग लागल्यावर काय करायचं हे त्यात शोधू नका.

आता अहवाल. ‘निरंक’ बंद. एक साधी नोंदवही घाला: तारीख, नस्ती क्रमांक, साधन, कशासाठी वापरलं, कुणी तपासलं आणि तपासताना काय बदललं. या शेवटच्या रकान्यावर नजर ठेवा, बाकीचे रकाने पाहिले नाहीत तरी चालेल. त्यात ‘जीआर क्रमांक चुकीचा होता, काढला’, ‘जमिनीच्या क्षेत्रात आर चे हेक्टर झाले होते, दुरुस्त’, ‘अर्जदाराचं वय नव्हतंच, मशीनने घातलं’ असं काही येत असेल तर शाखा काम करते आहे. महिनाभर तिथे ‘निरंक’, ‘निरंक’, ‘योग्य’ असं दिसलं, तर मशीन सुधारलं असं समजू नका, वाचायचं बंद झालं असं समजा. सगळीकडच्या नियमावल्यांत ‘माणसाची देखरेख’ हे शब्द असतात. आपल्याकडे त्या देखरेखीचं रूप काय, तर संध्याकाळी सहाला एसटी गाठायची घाई, समोर पत्रांचा गठ्ठा, आणि शिपाई पान उलटतोय तिथे सही. तुम्ही आठवून बघा, त्या त्रुटीपत्रावर सही केली तेव्हा किती सेकंद ते तुमच्यासमोर होतं. मी दोष देत नाही. पण मशीन आल्यावर मसुदे दसपट वेगाने तयार होतात आणि वाचायचा वेग तोच राहतो. मसुदे कमी करा किंवा सह्या करणारे वाढवा. तिसरा मार्ग मला माहीत नाही. त्रुटी आणि नामंजुरीच्या पत्रांची एका दिवशी सह्यांना येणारी संख्या बांधून घ्या, ती इतकीच की तुम्हाला अर्जाशी ताडून वाचता येतील. तुमच्या हातातला हा एक अधिकार असा आहे, की त्यासाठी जिल्ह्याची परवानगी लागत नाही.

या महिन्याच्या अहवालात घडलं ते लिहा, कुणाचं नाव न घालता: विनापरवाना साधनाचा वापर आढळला, अस्तित्वात नसलेल्या शासन निर्णयाचा हवाला असलेली इतकी पत्रं आढळली, इतकी मागे घेतली, अर्जदारांची माहिती बाहेर गेल्याचं अमुक तारखेला कळवलं, पुढे अशी पद्धत घातली. जिल्ह्यात बाकीच्यांचे अहवाल निरंकच असतील, तुमचा वेगळा दिसेल, आणि दोन दिवस फोन येतील. येऊ द्या. सही तुमची आहे, आणि तुम्हीच शोधून, दुरुस्त करून, वर कळवलं असा कागद नस्तीत असणं हेच पुढे तुमच्या कामाला येईल. उद्या त्या बाईंनी किंवा त्यांच्या वतीने कुणी माहिती अधिकारात विचारलं, तर हा अहवाल आणि ती नोंदवही दोन्ही द्यावी लागतील, हे धरूनच लिहा.

साहेबांशी बोलताना नीतीच्या गोष्टी नका सांगू. त्यांना आकडा कळतो, तर आकड्यात बोला. त्रुटीपत्र गेलं की प्रकरण आपल्या यादीतून उतरतं आणि प्रलंबितता कमी दिसते. पण ते पत्र चुकीचं असेल तर तोच अर्ज परत येतो, सोबत तक्रार आणतो, कधी आपले सरकार पोर्टलवर, कधी लोकशाही दिनात. शाखेचं जे कौतुक झालं त्यातला किती भाग निकाली निघालेल्या अर्जांचा आणि किती भाग परत पाठवलेल्यांचा, हे काढून त्यांच्यापुढे ठेवा. तेलंगणात संगणकाच्या भरवशावर रेशनकार्डं रद्द झाली, घरी जाऊन कुणी पाहिलं नाही, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रत्यक्ष जाऊन पडताळा म्हणून सांगितलं. तिथली यंत्रणा मजकूर लिहिणारी नव्हती, नोंदी जुळवणारी होती. पण वाचवलेला वेळ शेवटी दारोदार फिरून भरावा लागला, आणि साहेबांना पटेल असा मुद्दा हाच आहे. ते ‘बघू’ म्हणाले तर टिपणी ठेवाच. ‘चर्चा करावी’ असा शेरा आला तरी तो तारखेसह नस्तीत राहतो.

राहिला फुकटचा चॅटबॉट. न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी असाच एक सुरू केला होता. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी त्याला प्रश्न विचारून पाहिले, तर तो मालकांना कामगारांच्या टिपा कापून घेता येतात असं सांगत होता, घरभाड्याचं सरकारी साहाय्य असलेल्या भाडेकरूला नाकारता येतं असंही सांगत होता. तिथे दोन्ही बेकायदा. ते शहर श्रीमंत, कंपनी नामांकित, भाषा इंग्रजी. तुमच्याकडे प्रश्न येणार ‘माजं पगाराचं नाव का उडालं हो सायेब’ असा, आणि ‘पगार’ म्हणजे निराधारचं अनुदान हे तुमच्या शिपायालाही कळतं. त्या चॅटबॉटला कळेल का, हे आधी बघा. मुलाला चार दिवस खिडकीवर बसवा, लोक जसे बोलतात तसे पन्नासएक प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा, बरोबर उत्तरं तुम्ही लिहा, आणि कंपनीच्या माणसासमोर एकेक विचारा. कंपनीने आणलेल्या प्रश्नांवर चाचणी घेऊ देऊ नका, ते प्रश्न पाठ असतात. ‘मला माहीत नाही, शाखेत या’ असं तो किती वेळा म्हणतो तेही मोजा. कधीच म्हणत नसेल तर तो आपल्या कामाचा नाही.

आणि फुकट आहे म्हणजे करार नाही, करार नाही म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. चुकीचं उत्तर ऐकून कुणाची मुदत गेली तर लोक कंपनीला शोधत जाणार नाहीत, तहसीलीच्या दारात येतील. माहिती कुठे साठणार, कोण वाचणार, लोकांच्या प्रश्नांवर कंपनी पुढे आपलं मशीन शिकवणार का, नियम बदलला की उत्तर किती दिवसांत बदलणार आणि ते बदलणारा माणूस कोण, बंद करायचं ठरलं तर सगळा साठा पुसल्याचं लेखी देणार का, एवढं त्यांना विचारा. बैठकीत तोंडी विचारू नका, तिथे चहा येतो आणि सादरीकरण सुरू होतं. बैठकीच्या आधी कार्यालयाच्या ई-मेलवरून, साहेबांना प्रत ठेवून पाठवा. लेखी उत्तर आलं तर ते जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी पाठवता येईल. नाही आलं, तर साहेबांना तुम्ही वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.